पहिली पंधरा मिनिटं

सुमनबरोबर मी शेवटचा पिक्चर बघितला, तो खरं तर आमच्या वाटणीचा नव्हता. आमचा मुलगा संदेश ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. शनिवारी तो आणि सूनबाई कोपरला आमच्याकडे येणार, नातीला आमच्यापाशी ठेवणार आणि दोघं चारच्या शोला जाणार, असं ठरलेलं. नातीला ताप आला. दुपारी फोन.

"बाबा, तिकिटं वाया जातायत. तुम्ही दोघं जाऊन या. पण आधीच सांगतो, डोक्याला शॉट आहे पिक्चर. दोनदा बघितल्याशिवाय कळत नाय म्हणतात."

"एकदा तरी बघू दे," मी म्हटलं.

तर गेलो. रिक्षा केली, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून पुढे मॉल. सुमनला मॉलचा सरकता जिना फार आवडायचा. पिक्चर नसला तरी ती नुसती त्याच्यावरून वर-खाली करायची आणि वर पोचली की माझ्याकडे असं बघायची, जशी काय स्वतःच चढून गेली. त्या दिवशी मात्र म्हणाली, "लिफ्टनं जाऊ या का?"

"लिफ्ट कुठे शोधत बसू आता? हा समोर आहे की तुझा लाडका."

"बरं," म्हणाली आणि चढली. कठडा धरून.

आत गेलो आणि माझं डोकं फिरलं. एवढं मोठं थेटर, खुर्च्या अशा की माणूस झोपून जाईल, आणि आत जागा दाखवायला एक माणूस नाही. ज्याचा त्यानं मोबाईलचा उजेड पाडायचा. तो पाडतात कुठे, तर बसलेल्यांच्या डोळ्यांत. पिक्चर सुरू झाला तरी माणसं येतायत, उभी राहतायत, भलत्या रांगेत शिरतायत. एक म्हातारं जोडपं तिकीट हातात धरून मधल्या वाटेत उभं होतं. मला राहवेना. उठलो, त्यांना त्यांच्या जागेवर नेऊन बसवलं. परत येतो तर आणखी चौघं. त्यांनाही बसवलं.

"अहो, बसा. रिटायर झालात तुम्ही," सुमन म्हणाली.

"अगं, पण ते चुकीच्या रांगेत शिरतायत."

"शिरू देत. समोर बघा. सुरू झालाय."

ती डावा दंड चोळत होती. "केवढा तो एसी," म्हणाली. मी खिशातला रुमाल दिला, तो तिनं दंडावर टाकला. पॉपकॉर्न घेतलेले, तिनं एक दाणा खाल्ला नाही. जळजळतंय म्हणाली. मग मीच संपवले.

पिक्चर एका बाईचा होता. तिचा नवरा नाहीसा होतो. पोलीस शोधतो, नवऱ्याचा एक मित्र येतो-जातो, मध्येच दहा वर्षांपूर्वीचं दाखवतात, मध्येच पुढचं. शेवटी ती बाई एका बंद घराच्या कुलपाकडे बघते आणि हसते. संपलं. दिवे लागले. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मागून कोण तरी म्हणाला, "हे काय होतं?" आणि माझ्या शेजारी सुमन हसत होती. त्या बाईसारखीच, बारीक.

"तुला काय कळलं?"

"सुरुवातीलाच दाखवलेलं की."

"काय दाखवलेलं?"

"तुम्ही कुठे बघत होतात?"

त्याच रात्री ती झोपेत गेली. मला ते कळलं दुसऱ्या दिवशी, सकाळ बरीच वर आल्यावर. मधल्या वेळात मी काय करत होतो ते शेवटी सांगतो. शेवट शेवटीच सांगायचा, ही माझी नोकरीची सवय आहे.

या अंकाचे संपादक कोपरला घरी आलेले. म्हणाले, "काका, तुमचं आयुष्य टॉकीजात गेलं. दुसऱ्यांदा बघावे लागतात अशा अवघड चित्रपटांवर लिहा." मी म्हटलं, मी सातवी नापास आहे. ते म्हणाले, "तेच तर हवंय." हे ऐकून बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते माझं अजून ठरलेलं नाही. पण अवघड पिक्चर म्हटल्यावर मला सुमनशिवाय दुसरं काही सुचत नाही, तर तसंच लिहितो. बाकीचं शिकलेली माणसं लिहितीलच पुढच्या पानावर.

मी कल्याणला एका टॉकीजात डोअरकीपर होतो. आता ते टॉकीज नाही, तिथे टॉवर आहे, खाली मोबाईलची दुकानं. डोअरकीपर म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं. दाराशी उभं राहायचं. तिकीट फाडायचं, अर्धं गिऱ्हाइकाला, अर्धं आपल्याकडे. अंधार झाला की बॅटरी घेऊन माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत सोडायचं. बॅटरी जमिनीवर मारायची, माणसाच्या पावलापुढे हातभर. तोंडावर मारायची नाही. अंधारात कोण कोणाबरोबर बसलंय ते बघायचं नाही, आणि दिसलंच तर दुसऱ्या दिवशी बाजारात ओळख दाखवायची नाही. इंटरव्हलला दारं उघडायची, पडदे सरकवायचे. शो संपला की हॉल रिकामा करायचा, आणि झोपलेले उठवायचे. झोपलेल्याला उठवलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "संपला?" दुसरा विचारतो, "कसा होता?"

लोकांना वाटायचं, याची चैन आहे, रोज फुकट पिक्चर. संदेशच्या शाळेत तो भाव खायचा, माझ्या बाबांनी सगळे पिक्चर बघितलेत. खरं सांगायचं तर नोकरीत असताना मी एकही पिक्चर पहिल्यापासून बघितलेला नाही. कारण आपली माणसं. तीनचा शो म्हटला की घरातून तीनला निघतात. सुरुवातीला जाहिराती असतात, हे गृहीत. जाहिराती नसल्या तरी हे गृहीत. त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं माझं तोंड दाराकडे आणि पाठ पडद्याकडे. सगळी बसली, की कोणाला तरी बाथरूमला जायचं असायचं. मग इंटरव्हल. इंटरव्हलनंतर परत चहाचे ग्लास घेऊन येणारे. माझ्या वाटेला निवांत यायचा तो फक्त शेवट. तो रोज चारदा. जी माणसं कधी भेटली, कशी जवळ आली ते मला माहीत नाही, त्यांना मी दिवसातून चार वेळा मरताना बघायचो.

सुमनचं उलटं होतं. आम्ही तेव्हा कल्याणलाच चाळीत राहायचो. दुपारी ती माझा डबा घेऊन यायची. स्टाफच्या बायकोला कोणी अडवायचं नाही, मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची. पण चाळीत नळाला पाणी यायचं दुपारीच, शो अर्ध्यावर असताना. तेवढ्यात घरी पोचायला लागायचं. त्यामुळे तिला मिळायची ती सुरुवात. अर्धा-पाऊण तास बघून ती उठायची, आणि पुढे काय झालं असेल याचा विचार करत हंडे भरायची.

म्हणजे सुरुवात तिची आणि शेवट माझा. घरी आलो, की जेवताना आम्ही पिक्चर जोडायला बसायचो. आधी ती सांगणार. कोण कुठून आला, पहिल्यांदा काय बोलला, हातात काय होतं. मग ती स्वतःच शेवट सांगणार. मी फक्त हो की नाही म्हणायचं. बऱ्याच वेळा तिचा शेवट बरोबर निघायचा, आणि मला राग यायचा.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यांनीच सांगितलं. सुरुवातीला कोणाचं लक्ष नसतं म्हणून काय पण सांगून टाकतात."

पिक्चर चांगला की वाईट, याची तिची परीक्षा एवढीच. तिची सुरुवात आणि माझा शेवट, एकाच पिक्चरचे वाटले पाहिजेत. जुळले तर पिक्चर प्रामाणिक. नाही जुळले तर म्हणायची, "यांनी आपल्याला गंडवलं." अवघड पिक्चर तिला आवडायचे ते याच्यामुळे. ती म्हणायची, त्यात दोन जाती असतात. एक, बनवणाऱ्यालाच कळलेला नसतो, तो दहादा बघितला तरी तसाच. आणि दुसरा, ज्यात सगळं समोर मांडून ठेवलेलं असतं आणि आपण पिशवी कुठे ठेवू, पोराला कुठे बसवू यात असतो. तो दुसऱ्यांदा बघायचा.

टिटवाळ्याचे एक वेखंडे टेलर होते. दुकान कल्याणला स्टेशनजवळ, आमचे खाकी युनिफॉर्म तेच शिवायचे. पिक्चरचा नाद भारी. पण दुकान बंद करून शेवटच्या शोला बसायचे आणि त्यांची कसाऱ्याकडची गाडी असायची शो सुटायच्या आधी. त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटं त्यांना कायमची चुकलेली. दुसऱ्या दिवशी दाराशी हजर.

"काय झालं शेवटी?"

"मी सांगत नसतो, वेखंडे."

"अहो, मी तिकीट काढलेलं. शेवटाचे पण दिलेत."

"मग बसायचं की."

"आणि घरी चालत जाऊ टिटवाळ्याला?"

नियम म्हणजे नियम. शेवट सांगणारा डोअरकीपर म्हणजे पेढ्यांच्या दुकानात बसून गोड खाऊ नका सांगणारा. पण त्या आठवड्यात एक खुनाचा पिक्चर लागलेला आणि वेखंडे रोज येऊन जीव खायला लागले. शेवटी वैतागून मी त्यांना शेवट सांगितला. फक्त तो पिक्चरचा नव्हता, सुमनचा होता.

झालेलं असं, की त्या पिक्चरमध्ये दोन भाऊ, एक म्हातारी आई आणि चौकशीला आलेला पोलीस. सुमन पहिला अर्धा तास बघून आलेली आणि म्हणाली, खून आईनं केलाय. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "पोलीस पहिल्यांदा घरात येतो ना, तर ती त्याला चहा देते. साखर किती ते विचारत नाय. परक्या माणसाला कोण असं देतं? ती त्याला आधीपासून ओळखते आणि लपवते." प्रत्यक्षात पिक्चरच्या शेवटी एक दाढीवाला गुंड कुठून तरी उपटतो, तोवर एकदाही न दिसलेला, आणि म्हणतो खून मी केला. सुमन दोन दिवस चिडलेली. मी वेखंड्यांना आईवालं सांगून टाकलं. ते "वा, वा" करत गेले.

महिन्याभरानं तो पिक्चर विठ्ठलवाडीच्या बाजूला दुपारचा लागला. वेखंड्यांनी दुकान बंद ठेवून पूर्ण बघितला आणि तडक माझ्याकडे आले. मला वाटलं, भांडणार.

"तुम्ही मला खोटा शेवट सांगितलात."

"खोटा नाही. दुसरा."

"मग तोच बरा होता. हा काय, कोण कुठला दाढीवाला. आणि मी बायकोला तुमचाच सांगितलाय. ती आता म्हणते, मला दाखवा. तिला काय सांगू?"

"सांगा, पिक्चर गेला."

"तेच सांगितलं," वेखंडे म्हणाले. मग हळूच, "या आठवड्याच्या पिक्चरचं वहिनी काय म्हणतात?"

तेव्हापासून ते खरा शेवट विचारायचे बंद झाले. माझा नियमही मोडला नाही.

आता दार बंद ठेवल्याचा एक किस्सा सांगतो. एक पिक्चर आला, त्याच्याबरोबर वितरकाची ताकीद आली. सुरुवात चुकली तर पुढचं काहीच कळणार नाही, तेव्हा पिक्चर सुरू झाल्यावर कोणाला आत सोडायचं नाही. शेठनं बाहेर बोर्ड लावला. आमच्याकडे बोर्ड वाचायची पद्धत नाही. पहिल्याच रविवारी शो सुरू झाला, मी दार लावून बाहेर उभा, आणि आमचे नगरसेवक आले. बायको, दोन मुलं, मागे दोन कार्यकर्ते.

"दार उघड."

"साहेब, सुरू झालाय. आत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे."

"कोणाची?"

"शेठची."

"बोलव शेठला."

शेठ वर ऑपरेटरच्या केबिनमध्ये जाऊन बसलेले आणि मला पक्कं माहीत होतं, शो सुटेपर्यंत ते खाली येणार नाहीत. एका कार्यकर्त्यानं दाराला हात लावला. मी पाठ दाराला लावून उभा राहिलो. माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं. दार उघडलं तर शेठ काढणार, नाही उघडलं तर हे काढायला लावणार.

तेवढ्यात नगरसेवकांची बायको म्हणाली, "चला, समोसे खाऊ आणि पुढच्या शोला बसू. तुम्हाला घरी तरी कुठे वेळेवर यायची सवय आहे?"

कार्यकर्ते भिंतीकडे बघायला लागले. साहेब कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. दुसरा समोसा खाताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"काय आहे रे एवढं त्या सुरुवातीत?"

"माहीत नाही साहेब."

"तीन दिवस लागलाय ना पिक्चर?"

"तीन दिवस मी दाराबाहेर आहे साहेब. शेवट विचारा, तो माहितीये."

"नको. शेवट नको सांगू."

पुढच्या शोला त्यांना मी दिवे असताना बसवलं. शो सुटल्यावर ते बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झाट काय कळलं नाय," म्हणाले. "पण दार लावलंस ते बरं केलंस. नायतर मला वाटलं असतं, उशिरा आलो म्हणून कळलं नाय."

ही झाली बाहेरची गोष्ट. आतली मला घरी गेल्यावर कळली. सुमन त्या शोला आत होती. नळाची वेळ झाली तशी नेहमीसारखी उठली आणि दारापाशी आली. बाहेर माझा आवाज ऐकला, साहेबांचा ऐकला.

"मग आली का नाहीस?"

"दार उघडलं असतं तर तो माणूस आत घुसला असता. तुम्ही एवढे भांडत होतात त्याच्याशी. मग परत जाऊन बसले."

"आणि पाणी?"

"गेलं. शेजारून दोन कळशा मागून आणल्या."

असा तिनं लग्नानंतरचा पहिला पिक्चर पुरा बघितला, माझ्या नोकरीपायी. दुसऱ्या दिवशी परत आली आणि पहिली पंधरा मिनिटं परत बघितली. त्या पिक्चरमध्ये एक माणूस असतो, शेवटी तोच सगळ्यांना फसवणारा निघतो. मी शेवट बघून बघून त्याला खोटारडा ठरवलेला. सुमन म्हणाली, "तो एकदाही खोटं बोललेला नाय हो. सगळं खरं सांगतो, पहिल्यालाच. पण हसत सांगतो ना, म्हणून कोणी मनावर घेत नाय."

पुढे टॉकीजची गिऱ्हाइकी बसली, सुरुवातीला दारात गर्दी होईना. तेव्हा मला सुरुवात बघायला मिळायला हवी होती. पण सवय अशी, की कोणी येत नसलं तरी मी दाराकडेच बघायचो. टॉकीज बंद झालं, आम्ही कोपरला खोली घेतली, संदेशनं मोठा टीव्ही आणून लावला. त्यावरही पिक्चर सुरू झाला की मी उठून पाणी पिऊन येणार, खिडकी लावणार, दाराची कडी बघून येणार. सुमन म्हणायची, "बसा. सगळी आलीत. आपण दोघंच आहोत."

तर त्या शनिवारी मॉलमधून परत येताना रिक्षात मी तिच्या मागे लागलो. ती बाई कुलपाकडे बघून का हसली?

"नाय सांगणार."

"अगं, असं काय करतेस? इतकी वर्षं सुरुवात तूच सांगितलीस."

"तेव्हा तुमची नोकरी होती. आज काय होतं? लोकांना बसवत फिरत होतात."

"बरं, एवढंच सांग, नवरा जिवंत असतो का?"

"उद्या परत जाऊ. तिकिटं काढा, वेळेत जाऊन बसा आणि समोर बघा. सगळं दिसेल."

घरी आल्यावर तिला जेवायला नको होतं. लिंबू-सोडा घेतला. मला सकाळचं पिठलं गरम करून वाढलं, समोर बसली, पण बोलली कमी. मी दोनदा विचारून बघितलं, का हसली. दोन्ही वेळेला मान हलवली. "उद्या," म्हणाली. माझं तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे.

नंतर घरात माणसं यायला लागली. भेटायला. मी दाराशी उभा. "या, इकडे बसा, तिकडे पंख्याखाली जागा आहे." संदेश म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा ना, मी बघतो." मला बसवेना. चाळीतली जुनी माणसं आली, वेखंडे काठी टेकत टिटवाळ्याहून आले, शेजारच्या म्हात्रे वहिनी तर रोजच. सगळी उशिरा आलेली, सगळ्यांना सुरुवातीपासून हवं. "कसं झालं?" कोणी म्हणायचं, झोपेत गेली, चांगलं मरण आलं. मरणाला पण लोक मार्क देतात.

मी सांगायला लागलो. शनिवारी पिक्चरला गेलेलो. चारचा शो. घरी आलो, जेवलो, झोपलो. पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगताना पॉपकॉर्न आठवले. तिनं खाल्ले नाहीत, जळजळतंय म्हणाली. एक बाई लगेच म्हणाली, "अगंबाई." मी पुढे गेलो. आणखी कोणी आलं, त्यांना सांगताना दंड आठवला, डावा. वेखंडे आले तेव्हा मी त्यांना लिफ्टचं सांगितलं, आणि सांगता सांगता थांबलो. आयुष्यभर त्यांनी मला शेवट विचारला. त्या दिवशी नाही विचारला.

म्हणजे सगळं मांडून ठेवलेलं होतं, पहिल्या पंधरा मिनिटांत. मी जी-रांगेतल्या लोकांना बसवत होतो. हे डॉक्टरला सांगितलं, तर तो म्हणाला, "आजोबा, ॲसिडिटी समजून लाखो लोक दुर्लक्ष करतात." लाखो लोक करतात म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं बहुतेक.

तो पिक्चर आता टीव्हीवर आलाय. संदेशनं विचारलं, "बाबा, लावू?" मी नको म्हटलं. सूनबाईनं दोनदा बघितला. एकदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "बाबा, ती का हसते माहितीये?"

"सांगू नकोस."

"पण मला कळलंय."

"म्हणूनच सांगू नकोस."

सुमन म्हणालेली, जाऊन बसा आणि समोर बघा. घरात सोफ्यावर बसून, कडी बघायला उठत, ते होणार नाही. एक दिवस कुठे तरी मोठ्या पडद्यावर परत लागेल. हल्ली जुने पिक्चर परत लावतात. तेव्हा जाईन, वेळेत. तोवर दोन तिकिटं कपाटात आहेत, तिच्या साड्यांवर. आयुष्यभर मी तिकिटं फाडली. न फाडलेली ही दोनच माझ्याकडे राहिली.

ती कुठून आली ते सांगायचं राहिलं, आणि शेवटी सांगतो म्हटलेलं.

रविवारी सकाळी मी उठलो तर सुमन कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. रोज ती माझ्याआधी उठते. म्हटलं, काल दमली असेल, झोपू दे. आवाज न करता चहा केला. तिचा कप ओट्यावर ठेवला, वर बशी झाकली. दूध परत फ्रिजमध्ये ठेवलं, नाहीतर बोलणी खावी लागतात. दार हळू ओढून घेतलं.

रिक्षानं मॉलला गेलो. अजून उघडायचं होतं, बाहेर कट्ट्यावर बसलो. मजेत होतो, खोटं कशाला सांगू. आज तिला हरवायचं, असं डोक्यात. उघडल्यावर पहिला मीच. काउंटरवर एक मुलगी होती.

"बोला आजोबा. कोणता पिक्चर?"

मी पोस्टरकडे बोट केलं. "चारचा. दोन द्या. एच-सात आणि आठ."

तिनं स्क्रीनवर बघितलं. "आहेत. तीच का पण?"

"काल तिथेच बसलेलो."

"काल बघितलात? एवढा आवडला?"

"कळला नाही."

"मग परत कशाला?" ती हसायला लागली.

"सुरुवात बघायची राहिली माझी."

तिकिटं खिशात घातली. निघताना परत वळलो आणि तिला विचारलं, लिफ्ट कुठे आहे. ती म्हणाली, मागे, पार्किंगच्या बाजूनं. जाऊन बघून आलो. जवळच होती, चालत मिनिटभर. बटण दाबून बघितलं, दार उघडलं, आत बसायला छोटा बाक पण होता. म्हटलं, आज हिला इकडूनच नेऊ.